हौसेचे मोल

क्रिकेटच्या इतिहासात ‘हौशी’ हा शब्द मोठ्या मानाने वापरला जातो. जो पैशासाठी खेळत नाही तो हौशी, अशी त्याची सोपी व्याख्या. परंतु खेळण्यासाठी लागणारा वेळ कोणाला परवडतो, हा प्रश्न या व्याख्येत दडून राहतो. डॉ. मेहेलाशा पावरी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

पावरी यांचा जन्म १८६६ चा. पेशाने ते डॉक्टर. मैदानावर पारशी संघाचे वेगवान गोलंदाज. १८८६ साली पारशांचा पहिला संघ विलायतेस गेला, तेव्हा २८ सामन्यांत त्याच्या वाट्यास एकच विजय आला. १८८८ च्या दुसऱ्या दौऱ्यात पावरी होते. त्या खेपेस ३१ पैकी ८ सामने जिंकले आणि एकट्या पावरींनी १७० बळी घेतले. पुढे जानेवारी १८९० मध्ये मुंबई जिमखान्यावर पारशांनी व्हर्ननच्या इंग्रज संघास ४ गडी राखून हरविले. दुसऱ्या डावात पावरींनी अवघ्या ३४ धावांत ७ गडी बाद केले. राज्यकर्त्यांनाही हरविता येते, हे त्या दिवशी मैदानापुरते तरी सिद्ध झाले.

हे कर्तृत्व निर्विवाद होय. तथापि त्यामागे मुंबईच्या व्यापारावर संपन्न झालेला समाज, त्याचे क्लब आणि विलायतेच्या दीर्घ दौऱ्यासाठी काढता येणारी सवड उभी होती. प्रतिभेला भांडवलाची जोड मिळाली, म्हणूनच ती फळास आली. खुद्द इंग्लंडमध्येही ‘हौशी’पणा निव्वळ निरपेक्ष नव्हता. डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हौशी म्हणवीत. पण १८९५ साली त्यांच्या गौरवनिधीत ९,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. हौशी व व्यावसायिक हा भेद तेथे १९६२ साली रद्द झाला. तो भेद मुख्यतः प्रतिष्ठेचा होता, पैशाचा नव्हे.

याच्या उलट पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्यावे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले बाळू पुण्याच्या मैदानावर तुटपुंज्या पगाराची चाकरी करीत आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकीत. त्यातूनच त्यांची कला घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. मात्र हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. पावरींची हौस त्यांच्या समाजाने पोसली. बाळूंना खेळाची संधी मिळाली ती चाकरीतून. दोघांच्या गुणांत नव्हे, तर परिस्थितीत हे अंतर होते.

हा हिशेब केवळ गतकाळाचा नाही. चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावी कापूसवेचणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्या मुलाला दुपारी मैदानावर येणे जमत नाही. महाविद्यालयात जिमखान्याचे शुल्क सर्वच विद्यार्थी भरतात. खेळतात मात्र ज्यांना सवड असते तेच. अर्थशास्त्राच्या भाषेत, गरिबाने भरलेल्या पैशातून सुस्थिताची हौस भागते. या शुल्कातील थोडा भाग गरजू खेळाडूच्या प्रवासासाठी, पायांतील बुटांसाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी राखून ठेवला, तर ती खैरात ठरणार नाही. ती त्याच्या हक्काची परतफेड होईल. पावरींचे स्मरण करावयाचे ते त्यांच्या बळींच्या आकड्यांसाठी जरूर करावे. परंतु तसे बळी घेऊ शकणारे किती हात कधी चेंडूपर्यंत पोहोचलेच नाहीत, याचाही विचार त्यासोबत व्हावयास हवा.