खिदमत की नोकरी? ट्रस्टच्या वहीत काय लिहावे

आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी-कारागीर बांधव मस्जिद-मदरशांच्या ट्रस्टवर आहेत. वही लिहिताना एक प्रश्न हमखास पडतो : दीनची खिदमत करणारा माणूस आयकरासाठी नोकर ठरतो काय?

रकमेला 'हदिया' म्हणा की 'मानधन', कायदा नाव पाहत नाही, व्यवहार पाहतो. रमजानात इफ्तारची व्यवस्था पाहणारी, विनामोबदला चंदा गोळा करणारी मुले नोकर नव्हेत. त्यांना गाडीभाड्याचा झालेला खर्च परत दिला तर तो पगार होत नाही. मात्र नेमणूक, ठरलेले काम आणि दरमहा ठरलेली रक्कम असेल, तर तो पगारच.

पगार दान केला तर? अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या ख्रिस्ती नन व पाद्री आपला पगार धर्मसंघाला देऊन टाकतात. म्हणून पगारातून करकपात नको, असे म्हणणे होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ते अमान्य केले. ज्याच्या कामाचा पगार, त्याचेच उत्पन्न. पुढे तो कोणाला दिला हा वेगळा भाग.

घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक इमाम व मुअज्जिन साहेबांचे पगार करमर्यादेच्या खालीच असतात. तेथे कपात नाही. पण कपात लागू असून केली नाही, तर व्याजासह जबाबदारी ट्रस्टवर येते. म्हणून पगाराची वही आणि खर्चाच्या पावत्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. दुकानाचा हिशेब पक्का ठेवणारे आम्ही, अल्लाहच्या घराचा हिशेब कच्चा का ठेवावा?