नुसतं ‘बाळापूर’ सांगू नका

रात्री मागच्या दाराची कडी वाजली की घरातलं कुणीतरी काठी घेऊन अंगणात धावतं. धाडस म्हणजे हेच, असं आपण लहानपणापासून पाहत आलो. पण बाहेर किती जण आहेत, हातात काय आहे, हे अंधारात दिसत नाही. आणि बंद असलेलं दार आपणच उघडून दिलेलं असतं. चोराला रोकड आणि दागिने घेऊन निसटायचं असतं. वाट अडली की तो जिवावर उठतो. म्हणून लेकरं, म्हातारी माणसं सगळी एका खोलीत घ्या, आतून कडी घाला, दिवे लावा आणि जोरात ओरडा.

ओरडलं की शेजारी धावून येतील, हेही गृहीत धरू नका. चोर पुष्कळदा आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावून ठेवतात. दूरच्या गल्लीतल्या दोघातिघांना फोन करा.

आणि पोलिसांना बोलवायला ११२. हा फोन थेट आपल्या ठाण्यात वाजतो, असं अनेकांना वाटतं. तो आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून आपल्या जिल्ह्याला, म्हणजे हिंगोलीला, मग जवळच्या पोलीस गाडीला. आपण बोलताना आपल्या आखाडा बाळापूरचं नाव अर्धंच घेतो, नुसतं ‘बाळापूर’. पण बाळापूर अकोला जिल्ह्यातही आहे, तेही तालुक्याचं गाव! ‘आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली’ असं पूर्ण सांगा, मग गल्ली आणि जवळची खूण. शेतातल्या आखाड्यावर राहत असाल तर नुसतं ‘आखाड्यावर’ म्हणून भागणार नाही. कोणत्या रस्त्यानं, कोणत्या फाट्यावरून वळायचं ते सांगा. हे सगळं कागदावर लिहून भिंतीला लावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.

चोरी झालीच, तर आवराआवर करू नका. कपाटावरचे ठसे पुसले जातात.

‘घरात शिरलेल्याला मारलं तर गुन्हा नाही’ हे अर्धं खरं आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीत बचावाचा हक्क समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, असं भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ सांगतं. पण कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पकडून खांबाला बांधलेल्या माणसापासून कसला बचाव? त्याला ताबडतोब पोलिसांकडे द्यायचं, जास्तीत जास्त सहा तासांत.

रात्री अनोळखी दिसला म्हणजे चोरच, हा समज तर सगळ्यात घातक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भर दिवसा, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, भिक्षा मागायला आलेली.