मुलुंडच्या मिठागरातले औषध

ऊसतोडीहून परतलेला एक तरुण मांडीवर मोठे गळू घेऊन वडवणीच्या माझ्या दवाखान्यात आला. तीन गावच्या गोळ्या दोन-दोन दिवस खाऊन झालेल्या. पू तपासायला बीडला पाठवला. नेहमीची बहुतेक औषधे त्या स्टॅफिलोकोकस जंतूपुढे निकामी ठरली.

वाचकहो, असा हट्टी जंतू मारणारे एक द्रव्य आपल्याच महाराष्ट्रात सापडले आहे. मुलुंडच्या मिठागरातील मातीत राहणाऱ्या बॅसिलस जंतूपासून हेक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी ते मिळवले. १९९२ साली ते जगापुढे आले. नाव मर्सासिडिन. अवघ्या २० अमिनो आम्लांची ही साखळी, म्हणजे पेप्टाइड. जंतू आपली भिंत ज्या विटांनी बांधतो, ती वीटच ही साखळी धरून ठेवते. भिंत नाही, तर जंतू नाही!

पुढे तिची जनुके वाचली गेली. ती ई. कोलाय जंतूत (होय, आपल्या आतड्यातलाच!) घालून त्याच्याकडूनही मर्सासिडिन करवून घेतले. आता तर संगणकावर जंतूंची जनुके चाळून अशा नव्या साखळ्या हुडकतात. पण मर्सासिडिन अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही. प्रयोगशाळा ते दुकान ही वाट फार लांबची.

तरुणाचे गळू फोडले, अहवालाप्रमाणे गोळ्या दिल्या. परवा मलमपट्टीला आला, तेव्हा पाकीट मागून घेतले. या खेपेला एकही गोळी उरली नव्हती.