चार कोपऱ्यांचा भाव

जुलै २०००मध्ये ईबेवर पुठ्ठ्याचा एक छोटासा तुकडा लिलावाला आला. रुंदी दीड इंचाला किंचित कमी, उंची अडीच इंचांहून थोडी जास्त. नारिंगी पार्श्वभूमीवर पिट्सबर्ग पायरेट्सचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर, चेहरा गंभीर. कमिशन धरून त्याचे १२ लाख ६५ हजार डॉलर आले. दहा लाख डॉलरांचा उंबरठा ओलांडणारं हे पहिलं क्रीडा-कार्ड, आणि तो ओलांडला गेला ऑनलाइन बाजारात.

हे कार्ड १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या संचातलं. संग्राहक या संचाला ‘टी-२०६’ म्हणतात. वॅग्नरचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लगेच थांबली. आपल्या चित्रामुळे मुलं तंबाखूकडे वळू नयेत म्हणून त्याने हरकत घेतली, असं काही जण सांगतात. पैशांवरून बिनसलं, असं दुसरे म्हणतात. कारण कोणतंही असो, आज त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. लिलावात आलेली प्रत त्यांतली सर्वांत देखणी. १९८५मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ती २५ हजार डॉलरांना घेतली. १९९१मध्ये आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात तिच्यासाठी ४ लाख ५१ हजार मोजले. पुढे एका स्पर्धेचं बक्षीस म्हणून ती फ्लोरिडातल्या एका टपाल कर्मचारी बाईंना मिळाली. बक्षिसावरचा कर भरणं परवडेना, म्हणून त्यांना ती लिलावात काढावी लागली. या कार्डाची पुढची कहाणी संपूर्ण धंद्याचीच कहाणी आहे. पण त्याआधी बाजार कसा बदलला ते पाहायला हवं.

सप्टेंबर १९९५मध्ये पिएर ओमिड्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं. तेच पुढे ईबे झालं. तोवर कार्डांचा व्यवहार दुकानांत आणि शनिवार-रविवारी भरणाऱ्या प्रदर्शनांत चाले. भाव सांगायचं जेम्स बेकेट यांचं मासिक, १९८४पासून निघणारं. दुकानदार ते काउंटरवर उघडं ठेवत आणि त्यात छापलेला आकडा हाच भाव मानला जाई. त्या आकड्याला कार्ड खरोखर विकलं जातं का, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता.

ईबेने हा पडदा दूर केला. विकल्या गेलेल्या मालाची यादी आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत कुणालाही दिसू लागली. आणि मग एक कटू गोष्ट उघडी पडली. जुनी कार्डं दुर्मीळ झाली, कारण कुणी ती जपलीच नाहीत. टॉप्स कंपनीच्या १९५२च्या संचातली न खपलेली खोकी गोदामात जागा अडवतात म्हणून तो संच तयार करणाऱ्या साय बर्गर यांनी १९६०च्या सुमारास ती कचऱ्याच्या बार्जवर चढवली आणि अटलांटिकमध्ये बुडवली. त्या संचातल्या बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाच्या एका उत्तम प्रतीला २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. या किमतींच्या गोष्टी ऐकून १९८०च्या दशकात घराघरांत कार्डं जपून ठेवायला सुरुवात झाली आणि कंपन्यांनीही अफाट छपाई केली. मुलांच्या कॉलेजची सोय म्हणून पालकांनी बंद खोकी माळ्यावर ठेवली. आपल्या गावात एखादं कार्ड तीनच लोकांकडे आहे, एवढंच तोवर माणसाला ठाऊक असे. ऑनलाइन बाजार आला आणि देशभरातले माळे एकदम उघडले. दुर्मिळता गावापुरती होती, ती संपली. त्यांतल्या बहुतेक खोक्यांना आजही फारशी किंमत येत नाही.

या बाजाराचा एक धागा मुंबईतूनही जातो. बाझी डॉट कॉम हे मुंबईतलं लिलावाचं संकेतस्थळ ईबेने २००४मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरांना घेतलं. क्रिकेटचं वेड एवढं असूनही आपल्याकडे कार्डांचा पक्का बाजार उभा राहिला नाही, आणि २०१८मध्ये ईबे इंडिया बंदच झालं.

आता मूळ मुद्दा. दुकानात गिऱ्हाईक कार्ड हातात घेई, उजेडात तिरकं धरी, कड बोटाने चाचपे. पडद्यावर हे काहीच होत नाही. तिथे विकायचं तर कार्डाबद्दलचा विश्वासही सोबत विकावा लागतो. गेल्या तीस वर्षांत या धंद्यात जे जे नवं रुजलं, ते सगळं त्या हरवलेल्या स्पर्शाची भरपाई म्हणून रुजलं, आणि अशा प्रत्येक भरपाईलाच पुढे भाव फुटला, असं माझं मत आहे.

यातलं सर्वांत मोठं साधन म्हणजे ग्रेडिंग. पीएसए ही कंपनी १९९१ची. कार्ड तिच्याकडे पाठवायचं, फी भरायची. परीक्षक भिंगाखाली चार गोष्टी पाहतो: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध बसलंय की नाही. मग एक ते दहापैकी गुण मिळतात आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या कवचात कायमचं बंद होतं. या कवचाला ‘स्लॅब’ म्हणतात. सोन्यावर हॉलमार्क असावा तसं हे काम, पण एक मोठा फरक आहे: सोन्याची शुद्धता यंत्राने मोजता येते, कोपऱ्याची टोकदारी शेवटी माणसाच्या नजरेवर ठरते. तरीही नऊ आणि दहा यांच्यातल्या त्या एका गुणासाठी किंमत कित्येक पट होते. म्हणून लोक नवाचा स्लॅब फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात. या खेपेला दहा मिळतील या आशेने. माझ्या मते या धंद्याचं सर्वांत दुखरं ठिकाण हेच आहे. गिऱ्हाईक खेळाडू विकत घेत नाही, चित्रही नाही. तो एका अनोळखी परीक्षकाचा त्या दिवशीचा निर्णय विकत घेतो.

पीएसएने अगदी पहिल्यांदा ज्या कार्डाला गुण दिले ते कोणतं? तेच वॅग्नर. गुण होते आठ. ऐंशी वर्षांच्या पुठ्ठ्याला आठ गुण म्हणजे थक्क करणारी गोष्ट, आणि कंपनीच्या नावाचा दबदबा बराचसा त्यावरच उभा राहिला. दर्द्यांमध्ये कुजबुज मात्र कायम होती: एवढ्या सरळ कडा, एवढे तीक्ष्ण कोपरे आले कुठून? २०१३मध्ये उत्तर मिळालं. लिलावातल्या फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना मॅस्ट्रोने मान्य केलं, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. त्याच्यावरचा मुख्य आरोप वेगळाच होता: स्वतःच्या लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवणं. २०१५मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. कार्ड तोवर २००७मध्येच २८ लाख डॉलरांना अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स संघाचे मालक केन केंड्रिक यांच्याकडे गेलं होतं. कापलेल्या कार्डाला खरं तर गुणच मिळत नाहीत.

खोटी बोली ही जुनी विद्या. मंडईतल्या लिलावात निदान बोली लावणाऱ्याचं तोंड दिसतं. ऑनलाइन लिलावात टोपणनावामागे विक्रेत्याचा मेहुणा आहे की खरा गिऱ्हाईक, ते ओळखणं महाकठीण. मुरलेला खरेदीदार म्हणूनच शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहतो. आपल्याला कार्ड कितीला परवडतं तो आकडा आधी ठरवायचा, तो एकदाच टाकायचा आणि उठायचं. मला हीच रीत शहाणपणाची वाटते.

मग २०२० आलं. टाळेबंदीत माणसं घरी, खेळ बंद, आणि एप्रिल-मे महिन्यांत बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनवरची ‘द लास्ट डान्स’ ही मालिका. त्या वर्षी अमेरिकेत ईबेवरची कार्डांची विक्री १४२ टक्क्यांनी वाढली. फ्लीअर कंपनीचं जॉर्डनचं १९८६चं कार्ड, गुण दहा, जानेवारी २०२१च्या अखेरीस ७ लाख ३८ हजार डॉलरांना गेलं. हे कार्ड काही एकमेव नव्हे. दहा गुणांच्या तीनशेहून अधिक प्रती आहेत. पुढच्या दीडेक वर्षात भाव दोन लाखांच्या आसपास उतरला. मार्च २०२१मध्ये पीएसएला नवी कार्डं स्वीकारणं बहुतांशी थांबवावं लागलं, कारण आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती इतकी कार्डं तीन दिवसांत आली. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेटच्या दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल निघालं, आणि त्या साखळीने दुकानांतली विक्री काही काळ थांबवली. वाढदिवसाच्या पैशांतून एक पाकीट घ्यायला आलेल्या मुलाला त्या वर्षभर रिकामी फळीच दिसली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतरची दोन वळणं मला अस्वस्थ करतात. एक, थेट प्रक्षेपणात खोकी फोडण्याचा प्रकार. २०१९मध्ये सुरू झालेल्या व्हॉटनॉटसारख्या मंचांवर तो फोफावला. खोक्यातल्या एकेका संघावर लोक पैसे लावतात. त्या संघाचं कार्ड निघालं तर त्यांचं, नाहीतर हात हलवत परत. ही सोडत आहे, आणि तिच्यासमोर शाळकरी पोरं बसलेली असतात. दुसरं, तिजोरी. मोठ्या किमतीची कार्डं २०२२पासून ईबेच्या डेलावेअरमधल्या तिजोरीत राहू लागली. विक्री झाली की नोंद बदलते, कार्ड जागचं हलत नाही. २०२४मध्ये ही तिजोरी पीएसएच्याच मालक कंपनीकडे गेली, आणि तिच्या बदल्यात गोल्डिन हे लिलावगृह ईबेकडे आलं. गुण देणारा आणि राखण करणारा आता एकच. यात गैर काही घडलंय असं मी म्हणत नाही. पण परीक्षकाने बाजारापासून चार हात लांब असावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

हा छंद मला जिवंत दिसतो तो खालच्या टोकाला. न्यू जर्सीतला माझा भाचा एक-दोन डॉलरांची कार्डं विकतो. त्याचं पॅकिंग पाहत बसावं. कार्ड आधी मऊ पारदर्शक पाकिटात, मग कडक टॉपलोडरमध्ये. तोंडावर रंगारी वापरतात ती निळी टेप, कारण तिचा डिंक मागे राहत नाही. तिचं टोक दुमडून ठेवलेलं. “मामा, उघडणाऱ्याला नखाने टेप खरवडावी लागली तर कार्ड सरकतं, आणि कोपरा गेला म्हणून समजा.” मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा. पूर्वी अशा कार्डापेक्षा त्याचं नोंदणीचं टपाल महाग पडे. जानेवारी २०२१मध्ये ईबेने २० डॉलरांपर्यंतच्या कार्डांसाठी माग काढता येईल असा स्वस्त लिफाफा आणला आणि हा किरकोळ व्यवहार पुन्हा परवडू लागला.

त्याचे गिऱ्हाईक कोण? १९७२चा टॉप्सचा संच पुरा करणारे. त्यात ७८७ कार्डं आहेत, आणि बहुतेक चेहरे आज कुणाला आठवतही नाहीत अशा खेळाडूंचे. दुमडलेला कोपरा चालतो, पण तो फोटोत दिसला पाहिजे, एवढीच त्यांची अट. ईबे किमतीतले सुमारे १३ टक्के आणि वर प्रत्येक ऑर्डरमागे काही सेंट घेतं, त्यामुळे एका डॉलरच्या कार्डात विक्रेत्याच्या हाती फारसं काही उरत नाही. म्हणून घेणारा एकदम पाच-सहा नंबर कळवतो, आणि भाचा ती सगळी कार्डं एकाच लिफाफ्यात घालून पाठवतो.