बाद झालेले पोर

पोरं खेळली की आपण म्हणतो, "खेळून पोट भरतं का?" पण तोल सांभाळणे, नेम धरणे, चेंडू झेलणे हे सरावानेच अंगात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंग चांगले हलवावे.

आता लंगडीच घ्या. साधारण ४ वर्षांचे मूल एका पायावर उड्या मारू लागते. पण रिवाज असा, की बाद झाला तो बाहेर बसला. मग होते काय? जे पोर कच्चे, तेच आधी बाद होते. ज्याला सराव जास्त हवा, तेच जास्त वेळ बसून राहते!

म्हणून आम्ही शाळेत नियम थोडा बदलत असू. बाद झालेल्याने बसायचे नाही. उजव्या पायावर ५ उड्या, डाव्या पायावर ५ उड्या, की पुन्हा आत. लहान पोरांसाठी चौकोन लहान आखायचा.

लगोरीचेही तसेच. मोठ्याने दहा पावलांवरून चेंडू मारावा, लहानाने चार. नेम बसू लागला, की एक पाऊल मागे. चेंडू चिंध्यांचा करावा. तो लागत नाही. पाय अधू असेल त्याने बसून नेम धरावा.

याला पैसा लागत नाही. अंगणात काठीने रेघ ओढा. मग बघा, बाहेर कोण बसलं आहे? मुलगा असो, मुलगी असो, त्याला आधी आत घ्या.