काटा खरं बोलतोय ना?

बचत गटाच्या बायकांनी तिखट, हळद, गोडा मसाला, नाचणी सत्त्व यांची पाकिटं भरायला घेतली आणि घराघरांत डिजिटल काटा आला. तागडी गेली, लोखंडी वजनं अडगळीत पडली. आकडा चमकला की आपण निर्धास्त! ‘अहो, मशीन आहे ते, कशाला चुकेल?’ असं गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. पण मैत्रिणींनो, मशीनही चुकतं. आणि ते गुपचूप चुकतं.

जरा हिशोब करूया. शंभर ग्रॅमच्या पाकिटामागे काटा तीन ग्रॅम कमी दाखवत असेल, तर प्रत्येक पाकिटात १०३ ग्रॅम माल जातो. हजार पाकिटांमागे तीन किलो मसाला फुकट! सगळ्या जणींची मजुरीच त्यात गेली म्हणायची. उलट काटा जास्त दाखवत असेल, तर गिऱ्हाइकाच्या हाती ९७ ग्रॅमच पडतात. पाकिटावर छापलेलं निव्वळ वजन, म्हणजे पिशवी सोडून आतल्या मालाचं वजन, भरलंच पाहिजे. कमी भरलं तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण कायद्यापुढे चालत नाही.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे सरबतात किंवा स्क्वॅशमध्ये घालायची टिकाऊपणाची पावडर. सोडियम बेंझोएटसारख्या पावडरीचं प्रमाण लिटरमागे ग्रॅमच्या आसपासच असतं. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमनेच पुढे सरकतो. त्यावर ‘१’ दिसला, तरी प्रत्यक्षात अर्धा ग्रॅम असेल किंवा दीडही! अशा कामाला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटाच हवा. त्याचीही एक खोड आहे बरं का. शून्याजवळचा बारीक फरक तो आपोआप पुसून पुन्हा शून्य दाखवतो. त्यामुळे चिमूट चिमूट पावडर टाकत गेलं, तर पहिल्या चिमटी तो मोजतच नाही. म्हणून रिकामी वाटी ठेवून शून्य करा, वाटी उचलून बाजूला पावडर घाला आणि मगच ती परत काट्यावर ठेवा.

काट्याच्या पोटात असतं तरी काय? एक धातूची छोटी पट्टी. वजन पडलं की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांमधून जाणारी वीज तेवढी बदलते आणि त्यावरून आकडा येतो. म्हणूनच काटा पडला, त्यावर झेपेल त्याहून जास्त ओझं ठेवलं किंवा रात्रभर डबा ठेवून दिला, की ती पट्टी बिघडते.

मग काळजी काय घ्यायची? काटा न हलणाऱ्या, सपाट जागी ठेवा. बुडबुड्याची नळी असेल तर बुडबुडा मधोमध आणा. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. पंखा बंद करा, कारण नुसत्या वाऱ्यानेही बारीक काट्याचा आकडा नाचतो. मोबाइल दूर ठेवा. बॅटरी उतरू देऊ नका. मसाल्याची भुकटी तबकडीखाली साचली की तबकडी खालच्या भागाला टेकते आणि वजन कमी दिसतं. ओल्या फडक्याऐवजी कोरड्या, मऊ ब्रशने ती रोज झाडा. पावडरही उघडी ठेवू नका, मिठासारख्या पावडरी हवेतला ओलावा ओढून जड होतात.

रोज काम सुरू करण्याआधी ठरावीक वजन ठेवून पाहा. शंभर ग्रॅमची पाकिटं भरत असाल, तर शंभराचंच वजन घ्या. ते तबकडीच्या मधे आणि चारही कोपऱ्यांत ठेवा. आकडा सगळीकडे सारखा आला पाहिजे. वजन कपड्याने धरा, हाताचा घाम आणि तेल त्याला लागता कामा नये. छोट्या काट्याची घरगुती खातरजमा दहा रुपयांच्या दुरंगी नाण्यावरही होते. एक नाणं सुमारे ७.७ ग्रॅम भरतं, दहा नाणी ७७ च्या आसपास. अर्थात हा फक्त अंदाज, खऱ्या वजनाची जागा नाणं घेत नाही.

विक्रीसाठी वापरायचा काटा मात्र वैधमापन कार्यालयाकडून तपासून, शिक्का मारलेलाच हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दर बारा महिन्यांनी करावी लागते. त्याचं सील आपण कधीही तोडायचं नाही. बिघाड झाला तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा आणि पुन्हा शिक्का मारून घ्यायचा.

जगाचा किलो ज्या धातूच्या ठोकळ्यावरून ठरत होता, तो पॅरिसजवळ कडीकुलपात होता. तरी शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्याच प्रतींमध्ये कणभर फरक पडलेला दिसला. म्हणून २० मे २०१९ पासून किलोची व्याख्याच बदलली. मग आपल्या ओट्यावरच्या काट्याची काय कथा!

तेव्हा गटातल्या एकीने काट्याची जबाबदारी घ्यावी. एक वही करून रोजची तारीख, ठेवलेलं वजन आणि दिसलेला आकडा लिहावा. काम दोन मिनिटांचं आहे, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर ताठ मानेने ती वही पुढे करता येईल.