दृष्टिपटलाचा रक्तप्रवाह आणि मधुमेह
डोळ्याच्या मागील बाजूचे दृष्टिपटल, म्हणजे प्रकाश टिपणारा पातळ चेतापडदा, वजनाच्या मानाने शरीरातील सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींपैकी एक असून, त्याच्या रक्तवाहिन्यांना स्वायत्त चेतासंस्थेचे तंतू पोहोचत नसल्यामुळे रक्तप्रवाहाचे नियमन त्याला स्थानिक पातळीवरच करावे लागते. यालाच स्वनियमन म्हणतात. रक्तदाब वाढला की धमनिका आकुंचन पावतात, प्राणवायू कमी पडला की रुंदावतात, आणि लुकलुकत्या प्रकाशाने चेतापेशींचे काम वाढले की नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे प्रवाहही वाढतो.

मधुमेहात बिघडते ते नेमके हेच. केशवाहिन्यांना वेढून आधार देणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी नष्ट होत जातात, आणि लुकलुकत्या प्रकाशाला वाहिन्यांकडून मिळणारा प्रतिसाद, नेत्रतपासणीत रक्तस्रावाचा ठिपकाही दिसत नसताना, मंदावलेला आढळतो. त्यामुळे स्पष्ट दिसते आहे हा दिलासा फसवाच म्हणावा लागेल. पुढे केशवाहिन्या बंद पडल्या की प्राणवायूला मुकलेले दृष्टिपटल व्हीईजीएफ हे वाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन सोडते, त्यातून फुटणाऱ्या नव्या वाहिन्या नाजूक व गळक्या असतात, आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने याच प्रथिनाला निष्प्रभ करतात. नष्ट झालेल्या पेरिसाइट मात्र ती परत आणत नाहीत. टाइप 2 मधुमेहाचे निदान होताच, आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, बाहुली रुंदावून दृष्टिपटल तपासून घ्यावे.